परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी घेताना: करारातले तास आणि रस्त्यातले तास

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीची जाहिरात वाचताना नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते, मग राहण्याच्या सोयीवर, आणि बहुतेकांची तिथेच थांबते. ही नोकरी परवडणारी आहे की नाही, हे मात्र दुसऱ्याच दोन आकड्यांवरून ठरते: आठवड्याच्या किती तासांचे पैसे मिळतात, आणि त्या कामापायी आठवड्याचे एकूण किती तास खर्ची पडतात. या दोहोंतली तफावत बव्हंशी येण्याजाण्यातून निर्माण होते, आणि येण्याजाण्याविषयी करारनाम्यात बहुधा एखादीच ओळ असते किंवा तीही नसते. त्यामुळे करारनामा आणि शहराचा नकाशा एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून वाचावा. तो कसा वाचावा, काय विचारावे आणि कोणत्या बाबी लेखी घ्याव्यात, हे पुढे सांगितले आहे.

नोकरीचा प्रकार आधी ओळखावा

पहिला प्रकार सरकारी शाळांमधील साहाय्यक शिक्षकाचा. जपानमध्ये १९८७ पासून चालणारा जेट कार्यक्रम, दक्षिण कोरियात १९९५ मध्ये सुरू झालेला एपिक कार्यक्रम आणि स्पेनमधील संभाषण-साहाय्यकांची योजना ही याची परिचित उदाहरणे आहेत. या प्रकारात कामाच्या वेळा दिवसाच्या आणि ठरलेल्या असतात, परंतु गाव निवडण्याचे स्वातंत्र्य मर्यादित असते. पसंती विचारली जाते, पण ती मिळेलच असे नाही. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन शाळा, आणि त्याही वेगवेगळ्या दिशांना, असणे ही या प्रकारातली नित्याची गोष्ट आहे. म्हणून ‘नेमणूक कोणत्या शहरात’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणत्या वारी कोणती शाळा आणि तिथे पोहोचण्याचे साधन कोणते’ असे विचारावे.

दुसरा प्रकार खासगी भाषावर्गांचा. जपानमधील एइकाइवा, कोरियातील हागवॉन, तैवानमधील बुशिबान आणि स्पेनमधील अकादेमिया यांची नावे वेगळी असली तरी दिवसाची घडण सारखीच आहे. विद्यार्थी शाळेतून किंवा कचेरीतून सुटल्यावर येतात, त्यामुळे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपते आणि शनिवार हा सर्वांत गर्दीचा दिवस ठरतो. सोल शहरात हागवॉन रात्री १० वाजता बंद करावे लागतात, तसा तेथील नियमच आहे. यावरून शिक्षक घरी किती वाजता पोहोचत असेल, याचा अंदाज यावा. अशा नोकरीत सकाळची गर्दी टळते हे खरे, परंतु शेवटच्या गाडीचे वेळापत्रक पाठ असावे लागते.

तिसरा प्रकार युरोपात अधिक दिसतो: कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाऊन तेथील कर्मचाऱ्यांना शिकवणे. हे शिक्षक बहुधा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तासिका तत्त्वावर, काम करतात. सकाळी आठला शहराच्या एका टोकाला वर्ग, दुपारच्या सुट्टीत मध्यभागी आणि संध्याकाळी सहाला दुसऱ्या टोकाला, असा त्यांचा दिवस असतो. मधले तास ना घरचे ना कामाचे. तासाचा दर याच प्रकारात सर्वांत आकर्षक दिसतो आणि सर्वांत फसवाही तोच असतो.

चौथा प्रकार आंतरराष्ट्रीय शाळांचा. तिथे शिक्षणशास्त्राची पदवी आणि अध्यापनाचा परवाना अपेक्षित असतो, आणि मोबदल्यात सोयीही बऱ्या मिळतात. इंग्रजी शिकवण्याच्या केवळ १२० तासांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर तिथे सहसा प्रवेश मिळत नाही, म्हणून या लेखाचा भर पहिल्या तिघांवर आहे.

हिशेब मांडण्याची रीत

दर किंवा पगार ऐकून मत बनवण्याआधी कागदावर आठवडा मांडावा. समजा, पहिल्या ठिकाणी तासाला २० युरो आणि आठवड्याला २५ तासांचे वर्ग मिळत आहेत, म्हणजे ५०० युरो. वर्ग चार कंपन्यांत विखुरलेले आहेत. घरापासून जाण्यायेण्याला रोज दीड तास आणि दोन वर्गांच्या मधल्या प्रवासाला व वाट पाहण्याला आणखी दीड तास धरला, तर पाच दिवसांचे १५ तास झाले. तयारी आणि निबंध-तपासणीचे आठ तास मिळवले की बेरीज ४८ होते आणि तासाचा खरा दर साडेदहा युरोंच्याही खाली येतो. दुसऱ्या ठिकाणी आठवड्याला सरासरी ४९० युरो पगार आहे, ४० तास शाळेत हजर राहायचे आहे, त्यातच तयारी उरकते, आणि जाण्यायेण्याला एका वेळी ४० मिनिटे लागतात. इथे एकूण तास ४७ पेक्षा थोडे कमी भरतात आणि दर साडेदहा युरो पडतो. कागदावर दीडपटीहून अधिक भासणारा दर प्रत्यक्षात दुसऱ्याच्या बरोबरीलाही येत नाही, आणि सुट्टीच्या आठवड्यात पहिल्या शिक्षकाच्या हाती काहीच पडत नाही.

या गणितात कर, विमा आणि निवृत्तिवेतनाची कपात अजून आलेलीच नाही. जर्मनीत स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या शिक्षकाला, त्याच्या हाताखाली कोणी नोकर नसेल आणि उत्पन्न किरकोळ नसेल तर, सरकारी निवृत्तिवेतन विमा सक्तीचा आहे. त्याचा दर उत्पन्नाच्या १८.६ टक्के असून ती सगळी रक्कम शिक्षकालाच भरावी लागते; पगारी नोकराप्रमाणे निम्मा वाटा उचलणारा मालक त्याच्यामागे नसतो. जपानमध्ये रहिवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर बसतो. त्यामुळे नव्याने आलेल्या शिक्षकाला पहिल्या वर्षी तो सहसा भरावा लागत नाही, आणि दुसऱ्या वर्षी पगार तोच असूनही हातात येणारी रक्कम घटते. पहिल्या वर्षाच्या शिलकीवर विसंबून लांबचे पण मोठे घर घेणाऱ्यांनी हे आधीच जमेस धरावे.

करारनाम्यात काय पाहावे

‘तास’ या शब्दाचा करारातला अर्थ प्रथम पक्का करून घ्यावा. एपिकमध्ये शिक्षक आठवड्याला ४० तास शाळेत असतो, पण शिकवण्याची मर्यादा २२ तासिकांची आहे आणि त्यापुढच्या तासिकांना जादा मोबदला मिळतो. तेथील तासिकाही सारख्या लांबीच्या नसतात: प्राथमिक शाळेत ४० मिनिटे, माध्यमिकला ४५ आणि उच्च माध्यमिकला ५०. खासगी वर्गांच्या करारात मात्र ‘आठवड्याला ३० तास’ असे लिहिलेले असेल, तर ते शिकवण्याचे तास असू शकतात, आणि तयारी, पालकांशी बोलणे, नव्या विद्यार्थ्यांची पातळी तपासणे हे सर्व त्याबाहेर. शाळेला सुट्टी असताना हजेरी लावायची आहे का, हेही विचारावे. वर्गच नसताना रोज तासभर प्रवास करून रिकाम्या शिक्षक-खोलीत बसून येणे अनेकांच्या नशिबी येते, आणि पगार मिळत असला तरी त्या दिवसांचा प्रवास अंगावर येतो.

आकडा संशयास्पद अचूक असेल तर त्यामागचे कारण शोधावे. जपानमधील अनेक भाषावर्गांचे करार आठवड्याला २९.५ तासांचे असतात. ५० किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या संस्थेत पूर्ण वेळेच्या ४० तासांच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३० तास भरले की कर्मचाऱ्याची सामाजिक विम्यात नोंद करण्याचे दायित्व येते. तो अर्धा तास त्याच्या अलीकडे थांबण्यासाठी वगळलेला असतो. संस्थेच्या वाट्याचा विम्याचा निम्मा हप्ता वाचवण्याची ही युक्ती आहे, हे ओळखून मगच सही करावी. कोरियात वर्षभर काम केलेल्या नोकराला नोकरी सुटताना वर्षामागे ३० दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी रक्कम द्यावी लागते, म्हणून ११ महिन्यांचा करार पुढे आला तर तोही अजाणतेपणी आलेला नसतो. संयुक्त अरब अमिरातीत सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनावर मोजतात. तिथे प्रवासभत्ता व घरभाडे फुगवून मूळ वेतन लहान ठेवले असेल, तर महिन्याकाठी फरक जाणवत नाही, नोकरी सोडताना जाणवतो.

रजेविषयी एवढेच की तिचा हिशेब देशाच्या कायद्यातून वाचावा, संस्थेच्या माहितीपत्रकातून नव्हे. उदाहरणार्थ, जपानी कायद्यानुसार सहा महिने नोकरी झाल्यावर, ८० टक्के हजेरी असेल तर, पूर्ण वेळ काम करणाऱ्याला दहा दिवसांची पगारी रजा मिळते. संस्थेने ती ‘कृपा’ म्हणून देऊ केलेली नसते.

प्रवासाचा खर्च कोणाचा, वेळ कोणाची

खर्च आणि वेळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच विचारावे लागतात. खर्चाच्या बाबतीत अनेक देशांत शिक्षकाची बाजू भक्कम आहे. जपानमध्ये घर ते कामाचे ठिकाण या मार्गाचा पास काढण्यासाठी भत्ता देण्याची पद्धत रूढ आहे आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी महिन्याला १,५०,००० येनपर्यंतची रक्कम करमुक्त आहे. तथापि भत्ता देण्याची कायद्याने सक्ती नसल्यामुळे करारातली कमाल मर्यादा वाचावीच लागते. फ्रान्समध्ये नोकराच्या सार्वजनिक वाहतुकीच्या पासाची निम्मी रक्कम मालकाने देणे बंधनकारक आहे. जर्मनीत मे २०२३ पासून देशभरच्या स्थानिक गाड्यांना चालणारा एकच मासिक पास मिळतो. त्यामुळे कंपनी-कंपनीत फिरणाऱ्या शिक्षकाचे प्रत्येक फेरीचे तिकीट वाचते, मात्र पासाची किंमत ४९ युरोंवरून जानेवारी २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेली आहे आणि तासाचा दर ठरवताना ती धरायला हवी.

वेळेच्या बाबतीत मात्र शिक्षकाला बहुधा स्वतःच घासाघीस करावी लागते. घरून कामावर जाण्याचा वेळ जवळपास कुठेच कामाचा वेळ मानत नाहीत. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिलेल्या एका निकालात, ज्यांना कामाचे ठरलेले ठिकाणच नाही अशा कर्मचाऱ्यांच्या बाबतीत घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंत आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा वेळ हा कामाचा वेळ धरला. हा निकाल सुरक्षा-उपकरणे बसवणाऱ्या तंत्रज्ञांच्या प्रकरणात लागला असला, तरी रोज वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाणाऱ्या पगारी शिक्षकाने तो माहीत करून घेण्यासारखा आहे. त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात: तो कामाच्या कमाल तासांविषयी आहे, त्या वेळेचा मोबदला किती याविषयी नाही, आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदलेल्या शिक्षकाला तो लागू होत नाही.

स्वतंत्र शिक्षकाने मग दर ठरवतानाच तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. एका ठिकाणी जायचे तर किमान दीड किंवा दोन तासांचे वर्ग सलग असावेत, कारण ४५ मिनिटांच्या वर्गासाठी दोन तासांचा प्रवास हा व्यवहार नव्हे. ठरावीक अंतरापलीकडच्या वर्गाला वेगळा दर असावा. आणि विद्यार्थ्याने २४ तासांच्या आत वर्ग रद्द केला तर पूर्ण मोबदला मिळावा. कंपनीतली बैठक लांबली म्हणून वर्ग रद्द झाल्याचे दारात पोहोचल्यावर कळणे या धंद्यात वारंवार घडते. ही तिसरी अट संस्था सर्वांत नाखुशीने मान्य करतात. म्हणूनच ती सर्वांत आधी मांडावी.

रस्त्यात अपघात झाला तर

या प्रश्नाकडे नोकरी घेताना क्वचितच कोणाचे लक्ष जाते. जपान आणि जर्मनीत कामावर जाता-येता झालेला अपघात कर्मचाऱ्याच्या अपघात विम्यात धरला जातो, आणि दक्षिण कोरियाने १ जानेवारी २०१८ पासून सार्वजनिक वाहनांनी, स्वतःच्या वाहनाने किंवा पायी होणाऱ्या येण्याजाण्यालाही हे संरक्षण दिले आहे. अट अशी की मार्ग नेहमीचा आणि वाजवी असावा. कामावरून सुटल्यावर मित्राकडे वळलात आणि तिथून घरी निघालात, तर संरक्षण तुटू शकते. संस्थेच्या कार्यालयात जपानमधील शिक्षक आपला येण्याजाण्याचा मार्ग नोंदवतो, तो मुख्यतः भत्त्यासाठी. पण अपघाताच्या वेळी तोच कागद पुढे येतो. म्हणून बसच्या पासाचा भत्ता घेऊन सायकलने जाण्याची काटकसर करू नये. सायकलनेच जायचे असेल तर तसे नोंदवावे आणि हेल्मेट घालावे. जपानमध्ये एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

परवानगीच्या कागदावर कोणते ठिकाण आहे

दुसऱ्या शाखेत ‘जरा मदतीला’ पाठवणे ही खासगी वर्गांची जुनी सवय आहे, आणि तिच्यात प्रवासापेक्षा मोठा धोका दडलेला असतो. कोरियात भाषाशिक्षकांसाठीच्या ई-२ व्हिसावर शिकवणाऱ्याला ज्या संस्थेची नोंद झाली आहे तिथेच काम करता येते. आणखी एखादे ठिकाण जोडायचे तर स्थलांतर कार्यालयाकडे रीतसर प्रक्रिया करावी लागते, आणि खासगी शिकवण्या तर बेकायदाच ठरतात. जपानमध्ये शाळांत शिकवण्याचा व्हिसा आणि खासगी भाषावर्गांत शिकवण्याचा व्हिसा हे वेगवेगळ्या वर्गांतले आहेत, त्यामुळे दिवसा शाळेत शिकवणाऱ्याने संध्याकाळी भाषावर्गात जाण्याआधी वेगळी परवानगी काढावी. चीनमध्ये नोकरीसाठीच्या झेड व्हिसावर येऊन ३० दिवसांच्या आत निवास परवान्याची प्रक्रिया करायची असते. व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर बोलावून ‘पुढे बदलून घेऊ’ म्हणणाऱ्या संस्थेला नकार द्यावा. पकडला जातो तो शिक्षक, आणि देश सोडावा लागतो तोही शिक्षकालाच. पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ कार्यालयात जमा करण्याची विनंतीही याच पठडीतली असून ती कोणत्याही सबबीवर मान्य करू नये. नोंदणीसाठी तो द्यावा लागला तर पावती आणि परतीची तारीख घ्यावी.

स्वतःचे वाहन घेण्यापूर्वी

खेड्यातल्या शाळांवर नेमणूक झालेल्याला मोटारगाडी आणि आग्नेय आशियातल्या शहरांत राहणाऱ्याला दुचाकी अपरिहार्य वाटू लागते. तसे वाटण्याआधी परवान्याचा प्रश्न सोडवावा. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हा एकच दस्तऐवज नाही. एक १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि दुसरा १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार, आणि कोणत्या करारानुसार तो दिला आहे हे त्याच्या पुस्तिकेवर छापलेले असते. जपान फक्त १९४९ चा मानतो, व्हिएतनाम १९६८ चा मानतो, आणि चीन दोन्ही मानत नाही. जपानमध्ये तो प्रवेशापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि तिथे रहिवासी म्हणून नोंद झालेल्याने थोड्या दिवसांसाठी देशाबाहेर जाऊन नवा परवाना आणला तरी, बाहेरचा मुक्काम तीन महिन्यांपेक्षा कमी असल्यास, तो चालत नाही. म्हणून स्थानिक परवाना काढण्याची तयारी पहिल्या सहामाहीतच सुरू करावी.

दुचाकीसाठी परवान्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का असावा लागतो. चारचाकीचा परवाना तिथे उपयोगाचा नाही. भाड्याने दुचाकी देणारा हे विचारत नाही, अनेकदा वाटेतला पोलीसही दंडावर सोडून देतो, पण विमा कंपनी अपघातानंतर नेमके हेच विचारते आणि परवाना अवैध निघाला तर उपचारांचा खर्च नाकारू शकते.

घर कुठे घ्यावे

संस्थेने घर दिले असेल तर पहिल्या वर्षी ते घ्यावे, असे माझे मत आहे. परक्या भाषेत भाडेकरार करण्याची आणि मोठी अनामत भरण्याची कटकट वाचते. मात्र नोकरी सुटली तर घर किती दिवसांत रिकामे करायचे, हे करारात असावे. नोकरी, व्हिसा आणि छप्पर तिन्ही एकाच दिवशी जाऊ शकणे ही या व्यवस्थेची काळी बाजू आहे.

स्वतः घर शोधणाऱ्याने दलालाने सांगितलेली मिनिटे मानू नयेत. ती दारापासून फलाटापर्यंतची नसतात, आणि गाडी बदलण्याचा वेळही त्यांत बहुधा नसतो. ज्या वेळी रोज निघायचे आहे त्याच वेळी, कामाच्या दिवशी, तो मार्ग एकदा जाऊन पाहावा, आणि रात्रीचे वर्ग असतील तर परतीचाही. अंतरापेक्षा गाडी किती वेळा बदलावी लागते याला अधिक महत्त्व द्यावे. बसायला जागा मिळणारा ५० मिनिटांचा सलग प्रवास वाचनाला, निबंध तपासायला किंवा स्थानिक भाषेचा अभ्यास करायला उपयोगी पडतो. दोनदा गाडी बदलून उभ्याने केलेल्या ३० मिनिटांतून काहीच हाती लागत नाही. दिवसभर बोलण्याचे काम करणाऱ्याला ही विश्रांती ऐष नव्हे, घशाची गरज आहे.

अनेक ठिकाणी शिकवणाऱ्याने कोणत्याही एका शाळेजवळ राहण्यापेक्षा मार्ग जिथे एकत्र येतात त्या स्थानकाजवळ राहावे. वेळापत्रक दर सत्राला बदलते, स्थानक बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी पाठ्यपुस्तकाचा एक संच, खडू-मार्कर आणि शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट ठेवू देतात का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. पाठीवरचे ओझे निम्मे झाले की चालण्याचे अंतर आपोआप सोसते.

पहिले काही आठवडे

वाहतुकीचे कार्ड पहिल्याच दिवशी घ्यावे आणि त्याचे नियम नीट वाचावेत. सोलमध्ये बस आणि मेट्रो यांच्यात दिवसा ३० मिनिटांच्या आत बदल केल्यास भाडे एकत्र धरले जाते, पण उतरताना कार्ड लावायला विसरलात तर ती सवलत जाते. जपानमध्ये गाडीला उशीर झाला की रेल्वे कंपन्या उशिराचा दाखला देतात, स्थानकावर किंवा संकेतस्थळावर. तो घेऊन कार्यालयात द्यावा. तरीही उशीर होतो आहे हे कळताच फोन करावा, कारण वर्गात मुले बसलेली असतात आणि दाखला त्यांना सांभाळत नाही.

या काळात शिकवलेले तास, रद्द झालेले वर्ग, प्रवासाची वेळ आणि तिकिटाचा खर्च यांची रोज एक ओळ वहीत लिहावी. सत्राच्या शेवटी दर वाढवून मागताना किंवा दोन शाळांचे दिवस अदलाबदल करून मागताना ही वही पुढे ठेवली की चर्चा तक्रारीच्या सुरात होत नाही. आखाती देशांत नोंदीसाठी रमजानचे तासही वेगळे लिहावेत. अमिरातीत त्या महिन्यात खासगी क्षेत्रातील कामाचा दिवस दोन तासांनी कमी होतो, आणि रस्त्यावरच्या गर्दीच्या वेळाही सरकतात.

नोकरी सोडताना

निघण्याच्या महिनाभर आधी पासाची मुदत पाहावी. जपानमधील तीन किंवा सहा महिन्यांच्या रेल्वे पासाचे, न वापरलेल्या पूर्ण महिन्यांच्या हिशेबाने, शुल्क कापून काही पैसे परत मिळतात, परंतु तो पास भत्त्यातून काढला असेल तर ती रक्कम संस्था मागू शकते. तिथेच निवृत्तिवेतनापोटी कापलेल्या रकमेतला काही भाग, पाच वर्षांपर्यंतच्या भरण्यासाठी, देश सोडल्यावर एकरकमी मागता येतो. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे पुस्तक किंवा क्रमांक सामान बांधताना हाताशी ठेवावा. सायकल विकली किंवा मित्राला दिली असेल तर तिची नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करून द्यावी. शेवटच्या पगाराची पावती, नोकरीचा दाखला आणि कर भरल्याचे कागद मात्र विमानात बसण्यापूर्वीच मागून घ्यावेत. परक्या देशातल्या कार्यालयाकडून ते टपालाने मागवणे फार वेळखाऊ ठरते.